पाळी गेली की फिट्स पण जातात?

"पाळी थांबली की फिट्स आपोआप कमी होतात" हे अपस्मारावरच्या (फिट्सच्या आजारावरच्या) लेखातलं वाक्य अर्धवट वाटलं. बऱ्याच जणींच्या होतात कमी, पण त्याआधी पाळी पुढेमागे होत असते त्या वर्षांचं काय? पाळीच्या दोन हार्मोन्सपैकी इस्ट्रोजेन फिट्सना चिथावतं, प्रोजेस्टेरॉन आवरतं, आणि त्या काळात आवरणारंच आधी घटतं. आमच्या आईला ४८व्या वर्षी महिन्याला तीन-तीन यायच्या, आता वर्षातून एखादी.

आणि त्या लेखात आहाराबद्दल नुसतं कीटो कीटो (भात-पोळी-साखर कमी, तूप-तेल जास्त), हाडांचं कोण बोलणार? फेनिटॉइन हे फिट्सचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की ड जीवनसत्त्व कमी होऊन हाडं कमजोर होऊ शकतात, हे आईचं मनगट बाथरूममध्ये साधं घसरून मोडलं तेव्हा कळलं. त्यात कॅल्शियमची गोळी फेनिटॉइनबरोबर घ्यायची नाही, मधे अंतर ठेवायचं, आणि ही बाई चतुर्थीला म्हणते गोळी उपासाला चालत नाही!