पीएसएबद्दलच्या माझ्याच मेसेजचा खुलासा

पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत) तयार होणारं एक प्रथिन; रक्ततपासणीत त्याचा आकडा कळतो. आप्पा गेल्यावर मी लिहिलेला एक मेसेज खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या ग्रुपवर फिरतोय: "पीएसए 4 च्या वर म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर, 4 च्या खाली म्हणजे निर्धास्त." हे चूक आहे, आणि चूक माझीच. दुःखात लिहिलं, विचारलं कुणाला नाही.

नंतर आप्पांचे रिपोर्ट घेऊन युरॉलॉजिस्टकडे बसलो. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, तरी पीएसए चढतं. 4 ते 10 च्या दरम्यान आलेल्यांपैकी साधारण चौघांत एकालाच कॅन्सर निघतो. नक्की काय ते एमआरआय आणि बायोप्सीनंतरच (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच) कळतं. उलट 4 च्या खालीही तो असू शकतो. ग्रंथीसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्यांचा आकडा तर निम्म्यावर येतो, म्हणून गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगाच.

सुरुवातीला बहुतेकदा त्रास जाणवत नाही. आप्पा तर शेवटपर्यंत शेतात जात होते. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर धोका साधारण दुप्पट. त्यांनी पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोलावं, इतरांनी पन्नाशीत. मीही बोललोय.

जुना मेसेज कृपया पुढं पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.