वाशीच्या वाचकांना उत्तर: डान्स अल्बम आणि ठाण्याचा फ्लॅट

वाशीकर (सही तुम्ही याच नावाने केली आहे, म्हणून तेच वापरतो),

नव्या इंडी, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र लेबलांवर निघालेल्या, अल्बमांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया एक अक्षरही न गाळता ठेवली आहे. गाळता आली असती. तक्रारी चार: भारतीय बँड एकच घेतला, फॉन्टेन्स डी.सी. या आयरिश बँडचं कौतुक जरा जास्त झालं, लेख लांबला आणि, जेमी एक्सएक्स या ब्रिटिश संगीतकाराच्या 'इन वेव्ह्ज' या डान्स अल्बमबद्दल तुमच्याच शब्दांत, "ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये हेडफोन लावून डान्स अल्बमचं परीक्षण करणं हा विनोद आहे, काका."

पहिली तक्रार मान्य. 'बिस्मिल्ला' या अल्बमनंतर पाच वर्षांनी, 2024मध्ये, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या दिल्लीच्या बँडचा नवा अल्बम आला, तेवढाच मी घेतला. आणखी दोन बसले असते. दुसरी आवडीनिवडीची गोष्ट आहे. तिसरीबद्दल काय बोलू, लांब लेख न वाचण्याची सोय सगळ्यांनाच आहे.

आता त्या एका वाक्याबद्दल. 'काका'ला माझी हरकत नाही. सोसायटीतली निम्मी मुलं तेच म्हणतात, पण ती म्हणताना लिफ्टचं दार धरून उभी राहतात. तुमचा 'काका' वाक्याच्या शेवटी स्वल्पविराम देऊन आलाय. तो कशासाठी येतो हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मतभेद असू द्या, पण ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत त्याचं वय काढून काय मिळवलंत? आणि ठाण्याचा फ्लॅट मध्येच कुठून आला? वाशीत काय वाड्यात राहता?

मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकून शेवटच्या लोकलने ठाण्याला परतणाऱ्यांतला मी आहे. इंडस क्रीड या बँडला रॉक मशीन म्हणत होते तेव्हापासून ऐकतोय. काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून पैसे साठवून आणलेली कॅसेट आवडो न आवडो, महिनाभर वाजायची, कारण दुसरी घ्यायला पैसे नसायचे. 2016मध्ये ते दुकान बंद झालं, माझी सवय राहिली. जेमी एक्सएक्सचा 'इन वेव्ह्ज'ही मी तसाच ऐकला, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, पुन्हापुन्हा, आणि मगच लिहिलं. तुम्ही नेरूळच्या स्टेडियमात कोल्डप्ले पाहिल्याचं मोठ्या अभिमानाने लिहिलंय. छान. त्यांचे अल्बम वॉर्नर या बड्या कंपनीच्या पार्लोफोन लेबलवर निघतात, इथला विषय स्वतंत्र लेबलांचा होता.

बरं, मुद्दा. क्लबमध्ये वाजतो तो ट्रॅक. डीजे तो आधीच्या ट्रॅकमध्ये मिसळतो, निम्म्यात कापतो आणि पुढचा चढवतो. बारा इंची सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची मोठी रेकॉर्ड, त्यासाठीच निघत आली. अल्बम म्हटलं की क्रम आला, सुरुवात आली, मधली विश्रांती आली. 'इन वेव्ह्ज'च्या शेवटच्या गाण्यात ऊना डोहर्टी ही नृत्यकार बोलते. सरळ बोलते, गात नाही. हे मध्यरात्री गर्दीत कोण ऐकणार आहे? ते घरी ऐकायलाच ठेवलंय. 2015च्या 'इन कलर'नंतर नऊ वर्षांनी हा अल्बम आला. नुसते नाचायचे ट्रॅकच द्यायचे असते तर ते एकेक करून सुटे देता आले असते.

आणि घरी बसून डान्स ऐकणं ही कल्पना माझी नाही हो. शेफील्डच्या वॉर्प या स्वतंत्र लेबलाने 1992 साली 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' नावाचा संग्रह काढला. त्याच्या मुखपृष्ठावर आरामखुर्चीत रेललेला यंत्रमानव आहे आणि जमिनीवर पिंक फ्लॉइड आणि क्राफ्टवर्कच्या रेकॉर्ड पडल्या आहेत. क्लबमधून परतल्यावर घरी ऐकायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, हाच त्या संग्रहाचा विचार होता. म्हणजे तुम्हाला ज्याचा विनोद वाटला, ते त्या लोकांनी तीस वर्षांपूर्वीच मुखपृष्ठावर छापून विकलं. एलसीडी साउंडसिस्टम या बँडने 2006मध्ये नायकीसाठी '45:33' केला तो तर धावताना ऐकायला म्हणून. आता त्याचं परीक्षण लिहायला मी तलावपाळीला फेऱ्या मारू का?

नाचण्याबद्दल म्हणाल तर विसर्जनाला या, आमच्या गल्लीत. काका काय करतात ते बघा.

एक मात्र राहून राहून खटकतं. एवढी लांबलचक प्रतिक्रिया, पण तीत 'इन वेव्ह्ज'मधल्या एकाही गाण्याचा उल्लेख नाही. रॉबिन ही स्वीडिश गायिका गायलीय ते गाणं कसं वाटलं? जेमीच्या द एक्सएक्स या बँडमधले त्याचे साथीदार रोमी आणि ऑलिव्हर सिम परत येतात, तेव्हा ते द एक्सएक्सचंच गाणं वाटतं की नाही? यावर लिहा, वाटल्यास मला पार खोडून काढा. तीही प्रतिक्रिया अशीच ठेवीन, स्वल्पविरामासकट.