‘तुमच्या माळढोकापायी आमची रात्र गारठली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्या दिवशी मी फोन उलटा ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली तेव्हा त्यातलं निम्मं बरोबर आहे हे कबूल करावं लागलं. उरलेल्या निम्म्यावर मात्र मला भांडायचंय, आणि ते त्या छोट्या चौकटीत मावणार नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कजवळ तंबूत कुठे राहावं यावर मी मागे लिहिलं होतं. सम आणि खुरी ही तिथली वाळूच्या टेकड्यांजवळची, तंबूंच्या मुक्कामाची दोन गावं. ‘सममध्ये राहू नका, खुरीच्या बाजूला लहान कॅम्प शोधा’ असं त्यात ठासून सांगितलं होतं, आणि कारण दिलं होतं माळढोक या दुर्मिळ पक्ष्याला समच्या डीजेचा होणारा त्रास. या वाचकांनी ते ऐकलं आणि डिसेंबरअखेर आई, नवरा-बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघं जाऊन आले. त्यांची तक्रार अशी: रात्री थंडीनं हाल झाले. टॉयलेट तंबूपासून साठ-सत्तर पावलांवर, आणि आईंना अंधारात दोनदा उठावं लागलं. वाळूच्या टेकड्या फोटोतल्यापेक्षा फारच बुटक्या निघाल्या. माळढोक दिसला नाहीच, ‘मुलाला दिसले ते उंदीर’. एवढं सोसून लांबून कुठूनतरी डीजे ऐकू येतच होता. शेवटी हे वाक्य: ‘सामान्य माणसानं चार घटका मजा केलेली तुमच्यासारख्यांना बघवत नाही. पक्ष्याचं नाव पुढे करून समच्या गरिबांच्या पोटावर पाय देता.’

आधी आईंबद्दल. ती चूक सर्वस्वी माझी. मी लेखात ‘रात्री छान गारवा असतो’ असं लिहिलं होतं. गारवा! कोजागरीला गच्चीवर असतो तो गारवा. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरचं किमान तापमान सरासरीनं सात-आठ अंशांवर असतं, एखाद्या रात्री ते त्याच्याही बरंच खाली उतरतं, आणि हे आकडे शहराचे. उघड्यावर कापडी तंबूत काय होत असेल ते तुम्ही अनुभवलंच. हवेत बाष्प नाही, आभाळाला ढगाचं पांघरूण नाही. कोरडी वाळू उष्णता खोलवर जाऊ देत नाही, फक्त वरचा थर तापतो आणि सूर्य बुडाला की तास-दोन तासांत तो सगळी ऊब आभाळाला देऊन मोकळा होतो. त्यात गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराला लागते आणि दोन टेकड्यांमधल्या खळग्यात साचते. आणि कॅम्पवाले तंबू कुठे ठोकतात? त्याच खळग्यात, कारण तिथे वारा लागत नाही आणि फोटोत भोवती टेकड्या येतात. चार पावलं चढावर असलेला तंबू पहाटे खळग्यातल्या तंबूपेक्षा कमी गार असतो. हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही.

म्हातारं माणूस बरोबर असेल तर तंबूचा हट्टच करू नये, हेही लिहायला हवं होतं. खुरीच्या बाजूला मातीच्या जाड भिंतींच्या, गवती छपराच्या गोल खोल्या मिळतात. दिवसभराची ऊब ती भिंत रात्री हळूहळू सोडते. टॉयलेट खोलीला लागून आहे का, हे फोनवर विचारताना ‘अटॅच्ड आहे ना?’ एवढ्यावर थांबू नका. ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘रात्री दोन वाजता दिवा लागेल का?’ असं विचारा. जिथे जनरेटर अकराला बंद होतो तिथला माणूस या प्रश्नाला अडखळतो. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि माफीही.

आता डीजे. इथे मी तुमच्याशी भांडत नाही, उलट तुमच्या बाजूनं साक्ष देते. तुम्ही म्हणता कॅम्पवाल्यानं ‘तो आवाज दोन-तीन किलोमीटरवरचा आहे’ असं सांगितलं आणि तुमचा विश्वास बसला नाही. विश्वास ठेवा. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, त्यामुळे आवाज वर वळून विरून जातो. रात्री उलटं होतं. जमिनीलगत गार हवा, वर त्याहून उबदार हवा. वर निघालेला आवाज त्या उबदार थरातून पुन्हा खाली वळतो आणि जमिनीला धरून लांबवर जातो. थंडी जितकी कडक, आभाळ जितकं स्वच्छ, वारा जितका पडलेला, तितका दूरचा ढोल स्पष्ट. म्हणजे ज्या रात्री तारे सर्वांत सुंदर, त्याच रात्री शेजारच्या कॅम्पमधलं गाणं शब्दांसकट ऐकू येतं. त्यामुळे आपला कॅम्प शांत आहे का, एवढंच विचारून भागत नाही. आजूबाजूला किती कॅम्प आहेत तेही नकाशावर वरून बघून घ्यायचं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा उपग्रहाच्या चित्रात सहज दिसतात. सम भागात त्या मोजायच्या भानगडीत पडू नका. खुरीलाही हल्ली वाढल्या आहेत, आणि माझा लेख त्या बाबतीत शिळा झाला होता हे तुमच्यामुळे कळलं. शिवाय वर्षाअखेरचा आठवडा! त्या सात दिवसांत सगळं थर वाळवंट नाचत असतं. तारीख आठ-दहा दिवस पुढे ढकलता आली असती तर आवाजाची निम्मी तक्रार मिटली असती. थंडीची नाही.

माझा समवरचा राग कुठून आला तेही सांगते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सममध्येच राहिले होते. कपाळाला टिळा, उंटावर अर्धा तास, सूर्यास्ताला टेकडीवर जत्रेएवढी गर्दी, मग गोलाकार मांडलेल्या गाद्यांवर बसून कार्यक्रम. मांगणियार, म्हणजे तिथली पिढीजात लोकगायक मंडळी, कमायचा आणि खडताल ही वाद्यं घेऊन आली. पंचवीस-तीस मिनिटं गायली असतील, आणि अंगावर काटा आला. एक म्हातारे गायक डोळे मिटून वरच्या सुरात गेले आणि त्याच क्षणी मागच्या स्पीकरमध्ये कुणीतरी ‘चेक, चेक’ केलं. गाणं तिथेच आवरलं. नंतर रात्री साडेबारापर्यंत जे वाजलं ते मला आमच्या गल्लीतल्या वरातीतही ऐकता आलं असतं. माझा तंबू जनरेटरच्या पाठीला पाठ लावून होता. डिझेलच्या वासात झोपले.

तेव्हा ‘सामान्य माणसाची मजा बघवत नाही’ हे मला लागू नाही. मला न बघवलेली गोष्ट वेगळी होती: त्या म्हाताऱ्या गायकाला गप्प करून आपण स्पीकर लावला. पोटावर पाय देण्याचा मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. समच्या उंटवाल्यांचा, जीपवाल्यांचा, वाढप्यांचा संसार त्या पाच-सहा महिन्यांच्या हंगामावर चालतो, आणि माझ्या ‘राहू नका’मध्ये त्यांचा विचार नव्हता. आज लिहिते तर असं लिहीन: संध्याकाळ समला घालवा, उंटावर बसा, गाणाऱ्यांच्या हातात थेट पैसे द्या आणि झोपायला दुसरीकडे जा. मांगणियारांना पिढ्यान्‌पिढ्या जजमानांनी, म्हणजे आश्रयदात्यांनी, पोसलं. आता जजमान आपण आहोत. कॅम्पवाल्याला आधीच सांगितलं की आम्हाला डीजे नको, गाणंच दीड तास हवं, तर बरेचसे ऐकतात. चौघांच्या सांगण्यानं नाही ऐकले, तर शेजारच्या दोन तंबूंना विचारून बघा. तुमच्यासारखे कंटाळलेले तिथेही निघतात.

टेकड्या बुटक्या निघाल्या, हे मात्र मी अंगाला लावून घेणार नाही. खुरीच्या टेकड्या समइतक्या पसरलेल्या नाहीत हे लेखात होतं. पण त्या तक्रारीमागे एक मोठा गैरसमज आहे, आणि तो जवळजवळ सगळ्यांचा असतो. डेझर्ट नॅशनल पार्क म्हणजे वाळूचा समुद्र नव्हे. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून 3162 चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र, आणि त्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम एक पंचमांश. बाकी खडकाळ पठारं, मुरमाड माळ आणि सेवण गवताचे सपाट पट्टे, मधूनच केर नावाची झुडपं, खेजडीची झाडं. आत डझनांनी गावं आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत, शेतं आहेत. नाव नॅशनल पार्क असलं तरी 1980 साली ते जाहीर झालं ते अभयारण्य म्हणून, आणि कायद्याच्या कागदावर ते अजून अभयारण्यच आहे. त्यामुळे फाटक, तिकीटखिडकी आणि आत गेल्यावर वेगळंच जग, असं काही तिथे होत नाही. तुमची गाडी त्याच्या हद्दीत शिरली तेव्हा तुम्हाला कळलंही नसेल.

आणि माळढोक राहतो तो त्या गवतात. टेकड्यांवर नाही. आपल्या भाषेनं हे नावातच सांगून ठेवलंय: माळावरचा तो माळढोक. वाळूढोक नव्हे! मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच. मी सोलापूरची आहे. आमच्या नान्नजला या पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून गेलेली मी, लांब गवतात हललेली एक मान पाहून आले होते. त्यानंतर कितीदा तरी गेले. गवत होतं, काळवीट होते, मान नव्हती. आज भारतात उरलेले बहुतेक माळढोक थरमध्येच आहेत, सगळे मिळून दीडशेच्या आसपास. म्हणून जैसलमेरबद्दल लिहिताना माझा आवाज जरा चढतो. ते ‘पक्ष्याचं नाव पुढे करणं’ वाटत असेल तर वाटो.

तरीही मी एक अन्याय केला होता आणि तो तुम्ही न सांगता मीच सांगते. लेख वाचून असं वाटतं की माळढोकाचा शत्रू म्हणजे समचा डीजे. तसं नाही. त्याला समोरचं नीट दिसत नाही, नजर बाजूंना जास्त. जड शरीर, उडताना झटकन वळता येत नाही, आणि विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. खुरीच्या रस्त्यावर ज्या पवनचक्क्यांचा तुमच्या मुलानं व्हिडिओ काढला, त्यांची वीज तारांमधूनच जाते. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये या भागातल्या तारा जमिनीखालून न्या असा आदेश दिला आणि 2024 मध्ये तो सैल करून निर्णय तज्ज्ञांच्या समितीवर सोपवला. पर्यटकाच्या तंबूपेक्षा हे प्रकरण कितीतरी मोठं आहे. उलट ज्या समला मी नावं ठेवते त्याच समला 2019 मध्ये माळढोकाचं प्रजनन केंद्र सुरू झालं, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून झालेलं पहिलं पिल्लू याच प्रयत्नातून जन्मलं. माझ्या लेखात यातलं एक अक्षर नव्हतं.

माळढोक बघायचाच असेल तर तंबूच्या दारातून तो दिसणार नाही, सममधूनही नाही, खुरीतूनही नाही. वनखात्याची परवानगी काढून, पहाटे, सुदासरीच्या कुंपण घातलेल्या गवताळ भागाकडे जावं लागतं, स्थानिक वाटाड्या घेऊन. तरीही नुसतं गवत बघून परत यायची तयारी ठेवावी. मुक्कामाची जागा निवडताना त्याचा संबंध एवढाच की पहाटे पाचला निघता आलं पाहिजे. रात्री साडेबारापर्यंत जागवणाऱ्या कॅम्पमधून पाचला कोण उठणार?

पुढच्या वेळी जाणार असाल (तुम्ही ‘पुन्हा कधीच नाही’ लिहिलंय, पण नऊ वर्षांची मुलं असलं काही टिकू देत नाहीत) तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जा. थंडी सुसह्य झालेली असते, ऊन अजून चावत नाही. मरु महोत्सवाचे दिवस मात्र टाळा, तो माघी पौर्णिमेच्या सुमारास असतो: गर्दीही आणि चांदण्यामुळे तारेही फिके. तारे हवे असतील तर अमावास्येच्या आगेमागे जा. दोन रात्री असतील तर एक समच्या संध्याकाळीला द्या, मनसोक्त नाचा, मी काही बोलणार नाही. दुसरी रात्र मातीच्या खोलीत. आईंसाठी गरम पाण्याची पिशवी घरूनच न्या. कॅम्पच्या रजया जड असतात पण रात्रभर दमट-गार लागतात.

आणि ते उंदीर. तुम्ही तो शब्द तक्रारीसारखा लिहिलाय, म्हणून विचारते: दुपारच्या उन्हात, बिळाच्या तोंडाशी मागच्या दोन पायांवर उभे राहून बघत होते का? शेपटीला टोकाशी काळसर झुपका? घरातले उंदीर रात्री फिरतात. हा थरचा जर्बिल, दिवसाढवळ्या वावरणारा. गवताचं बी आणि मुळं खातो, आणि स्वतः गरुड, कोल्हे, साप या सगळ्यांच्या पोटात जातो. हिवाळ्यात तिथे गरुड आणि भोवत्ये हे शिकारी पक्षी एवढ्या संख्येनं उतरतात ते बरेचसे त्याच्या जिवावर. तुम्ही लिहिलंय की चहा होईपर्यंत तासभर मुलगा तिथेच बसून होता आणि बिळं मोजत होता. किती भरली, तेवढं त्याला विचारून कळवाल का?