गप्प बसले म्हणजे पटलं, असं कोणी सांगितलं?

‘उत्तम टीमची चार सूत्रं’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. माझी भाची नुकतीच सहा जणांची टीम लीड झाली आणि तिनेही तो टीमच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मात्र राहवेना. सूत्रं अशी: मौन म्हणजे संमती, लीडरने आधी स्वतःचं मत सांगून दिशा द्यावी, सारख्या शंका काढणाऱ्याला बाजूला करावं, एकदा ठरलं की सगळ्यांनी एका सुरात बोलावं.

पहिलं सूत्र सर्वांत घातक. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी नासाचं चॅलेंजर अंतराळयान उडणार होतं. त्याची बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या थायोकॉलचे इंजिनिअर नासाला फोनवर सांगत होते, थंडीत सांध्यांमधली रबरी सील कडक होतात, तापमान १२ अंशांच्या खाली असेल तर उड्डाण नको. नासाचे अधिकारी वैतागले. थायोकॉलने आपसांत बोलायला पाच मिनिटं मागून घेतली, त्याचा अर्धा तास झाला. रॉजर बॉइजोली आणि आर्नी थॉम्पसन या इंजिनिअरांनी पुन्हा आकृत्या, फोटो पुढे केले. कोणी ऐकेना, तसे ते थांबले. मग थायोकॉलचेच वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला म्हणाले, इंजिनिअरची टोपी काढ, मॅनेजरची घाल. मत घेतलं ते फक्त चार मॅनेजरांचं, आणि त्यांनी उड्डाणाला हो म्हटलं. फोन पुन्हा जोडल्यावर नासाने विचारलं, कोणाचं वेगळं मत आहे? कोणीच बोललं नाही. या अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालात हे सगळं आहे. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं, सातही जण गेले. याला संमती म्हणायचं?

दुसरं सूत्र. १९६१ मध्ये क्यूबातल्या बे ऑफ पिग्सवरची चढाई फसून तोंडघशी पडल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र संकटात काही बैठकांना मुद्दाम जाणं टाळलं, लोकांनी मोकळं बोलावं म्हणून. सहा जणांच्या टीमला एवढं पुरे: आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला आक्षेप लिहायचा, लीडरने शेवटी बोलायचं.

तिसऱ्याबद्दल काय बोलणार! शंका काढणारा गेला की उरतात होयबा.

चौथ्यात अर्धं तथ्य आहे, मान्य. निर्णय झाल्यावर पाय ओढत बसू नये. पण आक्षेप कारणासकट बैठकीच्या नोंदीत (मिनिट्समध्ये) लिहिलेला हवा आणि नवी माहिती आली तर विषय पुन्हा काढायची मुभा सगळ्यांत ज्युनिअर माणसालाही हवी.