‘सोसायटीत ईव्ही चार्जर बेकायदेशीर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. गोषवारा असा: स्वतःच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवणं बेकायदेशीर आहे. बसवलाच तर महावितरण घराच्या अख्ख्या बिलाला कमर्शियल दर लावतं. एका चार्जरने बिल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर उडतो. पावसात शॉक बसतो, चार्जिंगला लावलेली गाडी पेट घेते, आणि एवढं करून खर्च पेट्रोलइतकाच येतो. शेवटी कमिटीला विनंती: कुणालाही एनओसी देऊ नका.

मी लायसन्स असलेला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे. घोडबंदर रोड, वर्तकनगर, कोपरखैरणे, नेरुळ या भागांत सोसायट्यांची कामं करतो. कमिटीच्या मीटिंगला गेलं की हाच मेसेज कुणीतरी वाचून दाखवतं आणि चर्चा तिथेच थांबते. त्यातल्या काही शंका रास्त आहेत, बऱ्याच गोष्टी साफ चुकीच्या आहेत. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. एनओसी नाकारली म्हणून विकत घेतलेली गाडी शोरूमला परत जात नाही. ती चार्ज होतेच, फक्त कुणाला न विचारता आणि धोकादायक पद्धतीने.

आधी कायद्याचं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केलं की गाडी चार्ज करणं ही वीजविक्री नाही, त्यासाठी वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही. डिसेंबर 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत घरी आणि ऑफिसात खासगी चार्जिंगला सरळ मुभा दिली. फेब्रुवारी 2024 मध्ये ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले आणि ईव्हीसाठी वेगळं वीज कनेक्शन मागण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला. त्याच बदलात नव्या कनेक्शनची मुदतही कमी झाली: महानगरांत 3 दिवस, इतर महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत 7 दिवस. मग यात बेकायदेशीर काय आहे? खरं एवढंच की केबल मीटर रूममधून निघते आणि सोसायटीच्या सामाईक जागेतून जाते. त्यामुळे सोसायटीला विचारल्याशिवाय भिंतीला ड्रिल लावता येत नाही. परवानगी घ्यावी लागते, याचा अर्थ ती गोष्ट गुन्हा आहे असा होत नाही.

कमर्शियल दराचा मुद्दा तर वीज नियामक आयोगाच्या दर आदेशातच निकालात निघतो. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेला जो दर लागू आहे तोच लागतो. घराचं कनेक्शन असेल तर घरगुती. वेगळं मीटर घेणार असाल तर मात्र ते कोणत्या वर्गात मिळेल हे अर्ज करतानाच महावितरणच्या उपविभागात लेखी विचारून घ्या. कळवा, मुंब्रा, शीळ या भागात वितरणाचं काम टोरंट या खासगी वीज कंपनीकडे आहे, तिथल्या लोकांनी तिकडे विचारावं.

खर्चाचं गणित मेसेज लिहिणाऱ्याने केलेलंच दिसत नाही. कासारवडवलीहून अंधेरीला जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर होतात. छोटी-मध्यम इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे दिवसाला नऊ-दहा युनिट. युनिटला सरासरी 15 रुपये धरले तर दीडशे रुपये. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला याच अंतराला चार लिटर लागतात, आणि पेट्रोल शंभरच्या वर आहे. ‘स्लॅब बदलला की सगळं बिल वरच्या दराने येतं’ हेही खरं नाही. 300 युनिटच्या पुढे गेलात तर 300 च्या पुढच्या युनिटनाच पुढचा दर लागतो, खालचे युनिट खालच्याच दराने धरतात. ज्यांच्या घरी आधीच तीन एसी चालतात आणि बिल 500 युनिटच्या पुढे असतं, त्यांनी वेगळ्या मीटरचा हिशेब जरूर करून बघावा.

आता ट्रान्सफॉर्मर. इथे लोकांना आकडे सांगितले की भीती बरीच उतरते. पंधरा अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर गाडी जास्तीत जास्त 3.3 किलोवॅट खेचते, म्हणजे दीड टनाचे दोन एसी. भिंतीवरचा मोठा चार्जर 7.2 किलोवॅटचा असतो. बिल्डिंगमध्ये सकाळी सात वाजता किती गिझर एकदम चालू असतात याचा विचार करा. दोन किलोवॅटचे पन्नास गिझर लागले तरी ट्रान्सफॉर्मर जागेवर असतो. गाडी रात्री अकरानंतर लावली तर तेव्हा बिल्डिंगचा लोड उतरलेला असतो, आणि बहुतेक गाड्यांत किंवा चार्जरच्या ॲपमध्ये वेळ लावून ठेवायची सोय असते.

तरीही या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. एका चार्जरने काही होत नाही. वीस चार्जर 7.2 किलोवॅटने एकदम चालले तर 144 किलोवॅट होतात. वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगी किंवा नौपाड्यातल्या तीन-चार मजली सोसायट्या, यांच्या मीटर रूममधली मेन केबल आणि बसबार (वीज वाटून देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) त्या काळच्या वापराला बेतलेले आहेत. अशा ठिकाणी लोड मोजल्याशिवाय मी स्वतः काम घेत नाही. पण त्यावर ‘कुणालाच नको’ हे उत्तर नाही. सगळ्यांना 3.3 किलोवॅटवर ठेवा. रोजच्या साठ किलोमीटरला तीन तास पुरतात, गाडी रात्रभर उभीच असते. संख्या वाढली की लोड वाटून देणारे चार्जर मिळतात. उपलब्ध वीज ते गाड्यांमध्ये विभागतात. एकट्या घराचा मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्यायचा, 7.2 साठी बऱ्याचदा थ्री फेज घ्यावं लागतं आणि स्थिर आकार थोडा वाढतो. हा खर्च गाडीमालकाचा, सोसायटीचा नाही.

पावसाबद्दल थोडक्यात. चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाचं गाडीत लावायचं हँडल, गाडीत पूर्ण बसून चार्जर आणि गाडी यांच्यात बारीक सिग्नलची देवाणघेवाण झाल्याशिवाय गनमध्ये मेन वीज येतच नाही. हातात धरलेली गन मृत असते. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक चार्जर लाल दिवा दाखवून चालू व्हायलाच नकार देतात; जुन्या बिल्डिंगींत हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि गाडीच्या निमित्ताने त्या बिल्डिंगचं अर्थिंग पहिल्यांदा तपासलं गेलं. उघड्या कंपाउंडमध्ये बसवायचा असेल तर धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी 54 किंवा त्याहून वरचं रेटिंग असलेला चार्जर घ्या. आणि तो पाणी साचतं त्या पातळीच्या बराच वर लावा, ठाण्यात हे सांगायला लागू नये.

आग हा सगळ्यात गंभीर मुद्दा, म्हणून जरा सविस्तर. मेसेजसोबत पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ असतो. 2022 च्या उन्हाळ्यात तशा घटना खरोखर घडल्या आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचे नियम डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत कडक झाले. बॅटरीची आग विझवायला कठीण असते, हेही मान्य. पण मी प्रत्यक्षात जे जळलेलं बघतो ते बॅटरी नसतं, सॉकेट असतं. पार्किंगमधला वॉचमनच्या पंख्यासाठी दिलेला पॉइंट, त्यात लावलेला बाजारातला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर रात्रभर गाडी. गिझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी 14 अँपिअर सलग सहा-सात तास खेचते. सॉकेटच्या आतली पितळी पकड जराशी सैल असली की तिथे उष्णता धरते, पिन तपकिरी पडते, मग प्लास्टिक मऊ होऊन पिनला चिकटतं. असा प्लग मला सॉकेटसकट कापून काढावा लागला आहे. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. एनओसी नाकारलेल्या सोसायट्यांत हेच चालतं. त्याहून वाईट म्हणजे पार्किंगमध्ये पॉइंट मिळाला नाही की स्कूटरवाले बॅटरी काढून वर नेतात आणि फ्लॅटच्या दाराशी चार्ज करतात. दुर्दैवाने काही झालंच, तर बाहेर पडायची वाटच बंद.

म्हणून कमिट्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एनओसी द्या, पण अटी घालून द्या. प्रत्येक चार्जरला मीटर रूमपासून स्वतंत्र सर्किट, मध्ये कुठेही जोड नाही. 7.2 किलोवॅटला किमान 6 स्क्वेअर एमएम तांब्याची केबल, पार्किंग लांब असेल तर 10. तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), तोही टाइप ए. दुकानात सहज मिळणारा एसी टाइप इथे चालत नाही, कारण गाडीकडून येणारी तुटक डीसी गळती त्याला ओळखता येत नाही. चार्जरमध्ये सलग डीसी गळतीचं संरक्षण आहे का हे डेटाशीटवर बघून घ्या. केबल जिन्यातून किंवा गॅसच्या पाइपला लागून न्यायची नाही. पार्किंगमध्ये हाताला सहज लागेल असा आयसोलेटर हवा, म्हणजे अडचणीच्या वेळी वॉचमनलाही वीज तोडता येईल. काम लायसन्सवाल्याकडूनच, त्याच्या टेस्ट रिपोर्टची एक प्रत सोसायटीच्या फाइलमध्ये. त्या रिपोर्टवर अर्थिंगचं रीडिंग लिहिलेलं नसेल तर सही करू नका, ठेकेदाराला परत बोलवा आणि तुमच्यासमोर मोजायला सांगा.