चार्ज कुणाकडंय?

डोकं फिरलंय आज. भाचीचा एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म शाळेनं भरलाच नाही. का, तर मुख्याध्यापकाचा चार्ज असलेले गुरुजी मतदार यादीच्या कामात आणि लॉगिन त्यांच्याकडंच. आठवीतली हुशार पोरगी, आईबाप ऊसतोडीला जाणारे. नंबर लागला असता तर नववी ते बारावी वर्षाला 12000 मिळाले असते. मुकादमाच्या उचलीवर जगणाऱ्या घराला विचारा 12000 म्हणजे काय.

मी पण तसल्याच घरातली. दिवाळी झाली, टोळ्या हलायच्या आत आमचे हेडसर वस्तीवर हजर. दादा ट्रॅक्टरमध्ये भांडी, पत्रे, शेरडं चढवतायत आणि सर तिथंच उभ्या उभ्या, पोरीला फडावर न्यायची नाही, आजीजवळ राहू द्या, जेवायचं वसतिगृहात बघतो मी. त्या हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावासाठी पंचायत समितीत तासन्‌तास बसायचे हा माणूस! एनएमएमएसला पण त्यांनीच बसवलं, तेव्हा महिन्याला 500 होते, बँकेत खातं काढायला सोबत तेच.

सगळे तसे नव्हते, तंबाखू मळत सह्या ठोकणारे पण होते, मान्य.

पण आता तर माणूसच नाही ओ. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीला पट 150 च्या वर असला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक, वरच्या वर्गांना 100 च्या वर. वाडीवस्तीवर एवढी पोरं आणायची कुठून? मग जो सीनियर त्याच्या गळ्यात चार्ज. शिकवायचं त्यानंच, खिचडीचा हिशोब त्यानंच, यू-डायसवर शाळेची सगळी माहिती त्यानंच भरायची, वरून केंद्रप्रमुखांचा मेसेज, फोटो टाका. 2020 ला डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. बाकीच्या गुरुजींना आपण कारकून करून ठेवलंय त्याचं काय? एक स्मार्ट टीव्ही लावला की झालं गरिबाच्या पोरांचं भविष्य तयार?

सकाळी त्या गुरुजींवर जाम चिडले होते. आता लिहिताना वाटतंय, त्यांनी तरी काय काय बघायचं.

संध्याकाळी हेडसरांना फोन लावला, रिटायर झालेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणले, फॉर्मचं राहू दे, दिवाळीनंतर पोरगी कुठं राहणार ते आधी सांग. ताईला विचारलं तर म्हणे सोबतच नेणार, सासूबाई गेल्यापासून ठेवायचं कुणाजवळ. वसतिगृहाबद्दल घरी कुणी बोलायलाच आलेलं नाही.

उद्या रजा टाकून शाळेत जातेय. शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोघांना सोबत घेणार, वसतिगृहाच्या प्रस्तावाचे कागद मीच भरणार, गुरुजींनी फक्त सही करायची.