‘लग्नानंतरचं नाव दोन्ही पासपोर्टांवर करून दिलं नाही’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की लग्नानंतरचं नवीन नाव अमेरिकन आणि ब्रिटिश अशा दोन्ही पासपोर्टांवर आणि ओसीआय कार्डावर (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) करून हवं होतं, आणि अशी कागदपत्रांची कामं करणाऱ्या आमच्या ऑफिसने ते केलं नाही. जुन्या नावानेच परत जायला लावलं, सासूबाईंसमोर ‘तुम्ही भारताच्या नागरिक नाही’ असं सुनावलं आणि वर पैसेही घेतले. वाचून वाईट वाटलं. तुमचं नाव, लग्नाची तारीख, पासपोर्टचे तपशील यांतलं काही मी इथे उघड करणार नाही. पण उत्तर सविस्तर देतोय, कारण आमच्या बेळगाव भागातली, शहापूर, खानापूर, चंदगडकडची पुष्कळ मुलं-मुली आता परदेशी पासपोर्ट घेऊन लग्नाला गावी येतात आणि नेमकी इथेच अडतात.

आधी नावाचं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. स्वतःचं नाव, मधलं वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही एका दिवसात बदलतात. घरात, भावकीत ते नाव चालतं आणि चालावंच, त्या रीतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सब-रजिस्ट्रार ऑफिसातून तुम्हाला मिळालेल्या विवाह नोंदणीच्या दाखल्यात तुमचं माहेरचं नाव आहे, आणि तांदळात लिहिलेल्या नावाचा त्यात कुठेच उल्लेख नाही. त्या दाखल्यावर अमेरिका आणि ब्रिटन दोघेही नवऱ्याचं आडनाव लावू देतात. पहिलं नाव बदलायचं तर ब्रिटनसाठी डीड पोल (नाव बदलल्याचा कायदेशीर दस्त) करावा लागतो. अमेरिकन पासपोर्टसाठी कोर्टाचा आदेश लागतो, नाहीतर ते नाव अनेक वर्षं वापरात असल्याचे पुरावे. मधल्या नावाचीही गंमत नाही, अडचणच आहे: तिकडे मधलं नाव म्हणजे माणसाचं स्वतःचंच दुसरं नाव. वडिलांचं काढून नवऱ्याचं घालायची रीत त्यांच्या फॉर्मात कुठे बसत नाही.

तुम्ही नोटरीचं ॲफिडेव्हिट आणि पेपरातल्या जाहिरातीचं कात्रण आणलं होतं. नाव बदलताना भारतीय पासपोर्टच्या कामात अशा कागदांचा उपयोग होतो, म्हणून घरच्यांनी ते करून ठेवलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण तुमचा पासपोर्ट भारतीय नाही. तेव्हाच मी विचारलं होतं की नवीन पहिलं नाव खरोखर कागदोपत्री हवंय की आडनाव पुरे आहे. ‘एवढं काय विचारता’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, डिग्री, बँक, नोकरी, पेन्शन सगळं जुन्या पहिल्या नावावर आहे. ते बदललं की जन्मभर प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे पटवून द्यावं लागतं. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा इथेही नाही आणि तिकडेही नाही. निर्णय तुमचा, पण तो घेण्याआधी तुम्हाला हे माहीत असणं मला गरजेचं वाटलं. आजही वाटतं.

आता जुन्या नावाने का जायला सांगितलं ते. तुमचं परतीचं तिकीट जुन्या नावाचं, दोन्ही पासपोर्ट जुन्या नावाचे, ओसीआयही जुन्या नावाचं. सगळं एकमेकांशी जुळत होतं. कर्नाटकातल्या अमेरिकन नागरिकांची पासपोर्टची कामं चेन्नईच्या वकिलातीकडे जातात आणि अर्जासोबत हातातला पासपोर्ट द्यावा लागतो. अमेरिकन नागरिकाला अमेरिकेत शिरताना अमेरिकन पासपोर्टच दाखवावा लागतो. म्हणजे विमानाची तारीख तोंडावर आणि पासपोर्ट चेन्नईत, अशी गत झाली असती. शिवाय ब्रिटनचा पासपोर्ट विभाग, काही अपवाद सोडले तर, दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर वेगळं नाव चालवून घेत नाही. आधी तिकडचं बदलून आणा म्हणतो. आणि ओसीआयच्या अर्जाला नवीन नावाचा पासपोर्ट लागतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी अमेरिकन, मग ब्रिटिश, शेवटी ओसीआय. ‘दुसऱ्या एजंटने तिन्ही एकदम करून देतो म्हणून सांगितलं’ असं तुम्ही लिहिलंय. ज्या नावाचा पासपोर्ट अजून निघालेलाच नाही, त्या नावाचं ओसीआय कोण कसं काढून देणार?

तुम्हाला लिहून दिलेल्या कागदावर आणखी एक गोष्ट आहे, ती कृपया लवकर बघा. अमेरिकन पासपोर्ट मिळाल्यापासून वर्षाच्या आत लग्नामुळे नाव बदललं तर डीएस-५५०४ हा फॉर्म चालतो आणि साधी फी लागत नाही. वर्ष उलटलं की बहुतेकांना डीएस-८२ भरून पूर्ण फी भरावी लागते. ब्रिटिश पासपोर्टला मात्र पूर्ण फी लागतेच आणि जुन्याची उरलेली मुदत नव्यात मिळत नाही.

नागरिकत्वाबद्दल मी जे बोललो ते तुम्हाला लागलं, हे तुमच्या शब्दांतून कळतं. पण ते खरं आहे आणि ते मी सासूबाईंसमोर बोललो, कारण प्रश्न त्यांनीच विचारला होता. तुम्हाला दोन देशांचं नागरिकत्व आहे, अमेरिकेचं आणि ब्रिटनचं. ते दोन्ही देश तशी मुभा देतात. भारत देत नाही. संविधानाचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांत ते स्पष्ट आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या ओसीआयच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी प्रत्यक्षात ती आजन्म व्हिसासारखी सोय आहे. मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्या भागात सून घरात आली की मतदारयादीत नाव घालायची घाई असते. तो फॉर्म भरताना आपण भारतीय नागरिक आहोत असं लिहून द्यावं लागतं, आणि ओसीआयवालीने तसं लिहून देणं हा गुन्हा आहे. हे मी त्या दिवशी बोललो नसतो तर कुणीतरी प्रेमापोटीच तुमचा अर्ज भरून टाकला असता.

पैशांचं. ओसीआयच्या कामाचा एक रुपयाही घेतलेला नाही, पावती बघा. पैसे घेतले ते विवाह नोंदणीच्या कागदांचे, दाखल्याच्या प्रमाणित इंग्रजी भाषांतराचे आणि तुमच्या दोन्ही पासपोर्टांचा क्रम लिहून देण्याचे. दाखल्यात कन्नडवरून इंग्रजी करताना तुमच्या मिस्टरांच्या आडनावात एक ‘वाय’ जादा पडला होता. त्यांच्या पासपोर्टशी ताडून आम्ही तो सब-रजिस्ट्रारकडून दुरुस्त करून आणला. तो तसाच राहिला असता तर तुमच्या अमेरिकन पासपोर्टवर एक आडनाव आणि त्यांच्यावर दुसरं, असं झालं असतं.

अमेरिकन पासपोर्ट नवीन नावाने हातात आला की फोटो पाठवा. ब्रिटिश अर्जाचे कागद बघून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ओसीआयचा अर्ज तुम्ही तिकडून भरलात तर तिथल्या भारतीय दूतावासामार्फत जाईल. इकडे असताना भरलात तर बेंगळुरूच्या एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या) कार्यालयाकडे. आणि मिस्टरांना सांगा, पासपोर्टवर पत्नीचं नाव घालायला हुबळीच्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट इतक्यात घेऊ नका. तुमच्या नव्या पासपोर्टवर जे स्पेलिंग येईल तेच त्यांच्या अर्जात घालायचं आहे.